एका घरात चार अँटिबायोटिक, बरोबर कोणतं?

पारोळेकर_ताई

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. कापसाची वेचणी ऐन भरात, आणि घरात एक उठतो तोवर दुसरा आडवा. काल औषधांचा डबा उपडा केला तर चार जणांची चार वेगळी अँटिबायोटिक निघाली. सगळ्यांवर ती उभी लाल रेघ.

मुलगा चार वर्षांचा. नाक वाहतंय, खोकला, दोन दिवस १०१ ताप. जवळच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनचं सिरप दिलं. नाना (सासरे, ६८ वय, शुगरची गोळी चालू) लघवीला जळजळ होते म्हणून स्वतःच मेडिकलवर गेले आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या दोन गोळ्या कापून घेऊन आले. दोनच! आमच्या यांना जुलाब लागले, त्यांना ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. आणि धाकट्या जावेला तापाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून "टायफॉईड निघाला", विडाल १:१६०. रोज बाटली लावून त्यातून इंजेक्शन, वर सेफिक्झिमच्या गोळ्या.

मुलाचा खोकला थांबेना म्हणून धुळ्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, अझी बंद करायला सांगितलं, फक्त पॅरासिटामॉल आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. सासूबाई स्टँडवर येईपर्यंत एकच पालुपद, "इतली फी लिधी अनं औषध काहीच दिधं नही."

मला खरंच कळत नाहीये की यातलं कोण बरोबर. आणि सुरू केलेलं अँटिबायोटिक मध्येच सोडायचं नसतं असं शाळेपासून ऐकत आलोय, मग त्या उरलेल्या सिरपचं काय?

बिनधास्त_भाऊ

ताई एवढा विचार नका करू. आमच्याकडे कोणी कण्हायला लागलं की अझी पाचशे, तीनवाली स्ट्रिप. तिसऱ्या दिवशी माणूस शेतात. डॉक्टरकडे गेलं तर तपासण्या, सलाईन, हजाराची नोट मोडलीच समजा. नानांनी केलं ते बरोबरच केलं, पोरगं धुळ्याला नेऊन भाडं घालवलं तुम्ही.

मेडिकलवाला_चोपडा

भाऊ, तुमच्यासारखी मंडळी रोज सकाळी काउंटरवर उभी असतात. चिठ्ठी नसते. "काल टीव्हीवर दाखवलं ते द्या", नाहीतर मोबाइलमध्ये जुन्या स्ट्रिपचा फोटो.

ताई, आमच्या बाजूने दोन शब्द. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून २०१६ पासून सरकारने त्याची मोहीम चालवली. काही औषधांवर रेघेबरोबरच लाल चौकटीत इशाराही असतो. ती चौकट शेड्यूल एच-वनची, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधयादीची. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. लेव्होफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम दोन्ही त्यात येतात. ते विकलं की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. तेव्हा नानांना ज्याने दोन गोळ्या कापून दिल्या त्याने रजिस्टरात काय लिहिलं असेल, देव जाणे.

अझिथ्रोमायसिन साध्या शेड्यूल एचमध्ये. चिठ्ठी त्यालाही लागते, पण एच-वनसारखं रजिस्टर नाही. म्हणून ते गोळ्या-बिस्किटांसारखं खपतं. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात जातं, आणि जाताना रोजची बीपीची गोळीसुद्धा तिकडूनच घेतं. हे नुकसान कोणी भरून देत नाही.

डॉ_सातपुडा

बिनधास्तभाऊ, तिसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो हे खरं आहे. व्हायरल सर्दीताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतोच, गोळी घ्या नाहीतर घेऊ नका. श्रेय अझीला मिळतं एवढंच.

ताई, मी एमबीबीएस. बरीच वर्षं यावल-चोपड्याकडे डोंगराच्या पायथ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, आता स्वतःचा दवाखाना आहे. तुमच्या घरातलं कोणी मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका.

मुलाबद्दल धुळ्याच्या डॉक्टरांशी मी सहमत आहे. नाक वाहतंय, सोबत खोकला, ताप दोन दिवसांचा, हे चित्र व्हायरसचं. त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला तरी जंतू झालेच असं नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढा धीर धरायचा. फी कशाची, असं सासूबाई म्हणाल्या ना? छातीला स्टेथोस्कोप लावून "इथे न्यूमोनिया नाही" हे ठरवण्याची. बाटली लिहून देणं त्यापेक्षा फार सोपं असतं.

घरी तुम्ही एक गोष्ट करू शकता. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, चुकतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त भरले तर ते जलद. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी ५०, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ६०. आमच्या आशाताई हेच मोजतात. तापात श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा झोपेतून उठवलं तरी उठत नसेल, तर मोजत बसू नका, गाडी काढा. खरा न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक लागतंच, आणि तिथे पहिली निवड साधं अमॉक्सिसिलिन. जुनं, स्वस्त, आणि आजही काम करणारं.

घशाचंही तसंच. नुसती घसादुखी बहुतेक वेळा व्हायरल. मात्र ताप आहे, खोकला अजिबात नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, हे सगळं एकत्र असेल तर स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संशय घ्यायचा. मुलांमध्ये तो सोडून चालत नाही, कारण त्यातूनच पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा मुलाला मी अमॉक्सिसिलिन देतो, दहा दिवस, आणि आईला बजावून सांगतो. मला "अँटिबायोटिकविरोधी डॉक्टर" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

तीनच गोळ्यांची म्हणून लोक अझीला हलकी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट पाडले: अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात, म्हणजे आधी हात घालायचा तो इथे. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन हे सगळे वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायचे. म्हणजे ताई, तुमच्या डब्यात एकही अ‍ॅक्सेसमधलं नाही. अझी तीन दिवसांत संपते कारण ती शरीरात बरेच दिवस टिकून राहते, आणि शेवटी शेवटी तिचं प्रमाण इतकं कमी असतं की जंतू मरत नाहीत, तिला सरावतात.

आता तुमच्या जाऊबाई. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण खानदेशात पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत गल्लोगल्ली "टायफॉईड निघतो".

विडाल टेस्ट १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला साधारण पहिला आठवडा जातो. मग तापाच्या दुसऱ्या दिवशी १:१६० कुठून आलं? बऱ्याचदा जुन्या संसर्गातून, कधी लसीतून, कधी भलत्याच तापात उगाच वाढलेलं. आपल्या भागात पाण्याची जी अवस्था आहे ती पाहता, धडधाकट माणसांच्या रक्तातही थोडंफार विडाल सापडतंच. डेंग्यूच्या पेशंटच्या हातात "टायफॉईड पॉझिटिव्ह" असा कागद मी पाहिलाय, आणि त्यावरून चढवलेल्या बाटल्याही. इकडे प्लेटलेट उतरत होत्या.

टायफॉईडचा खरा संशय कधी? ताप चार-पाच दिवस हटत नाही, रोज चढत जातो, भूक मेलेली, पोट दुखतंय, जिभेवर पांढरा थर. तेव्हा अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी रक्ताचं कल्चर पाठवायचं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. रिपोर्टला दोन-चार दिवस लागतात, पेशंट गंभीर असेल तर तोवर औषध सुरू करायला हरकत नाही. पण एकदा इंजेक्शन गेलं की नंतरच्या कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड. आणि खरोखर टायफॉईड असला तर सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन, दोन्ही त्याची कामाची औषधं आहेत. सर्दीखोकल्यात उधळून ती बोथट केली तर टायफॉईडला काय द्यायचं? जाऊबाईंचं सुरू झालंच आहे, तर मध्येच स्वतःहून बंद करू नका. डेंग्यू-मलेरिया तपासलं का आणि प्लेटलेट किती, एवढं आज विचारून घ्या. सलाईनचं म्हणाल तर ज्याला तोंडाने पाणी जातंय त्याला बाटलीची गरज नसते. लिटरभर मिठाचं पाणी आहे ते.

तुमच्या यांचे जुलाब पाण्यासारखे असतील आणि त्यात रक्त नसेल, तर ओआरएस पुरे. रक्त-शेंब आणि ताप असेल तर गोष्ट वेगळी, मग तपासून घ्या. लहान मुलाला जुलाब झाले तर ओआरएससोबत १४ दिवस झिंक. ते उपकेंद्रात फुकट मिळतं, तरी लोक नेत नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी मला नानांची वाटली. ६८ वर्षांचा पुरुष, शुगर, लघवीला जळजळ. तरुण बाईची साधी लघवीची जळजळ आणि ही, दोन्ही सारख्या नाहीत. इथे प्रोस्टेट (पुरुषांत लघवीच्या पिशवीखाली असलेली ग्रंथी), तुंबलेली लघवी, वाढलेली साखर, काहीही असू शकतं. आधी लघवीचं कल्चर, मग औषध, आणि ते पूर्ण मुदतीचं. लेव्होफ्लॉक्सासिनच्या दोन गोळ्यांनी जळजळ दोन दिवस दबते आणि उरलेले जंतू दांडगे होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हेच सांगून ठेवलं होतं. शिवाय या गोळीने शुगरच्या पेशंटची साखर एकदम खाली येऊ शकते, आणि वयस्कर माणसाच्या टाचेमागचा कंडरा दुखावतो, क्वचित तुटतोसुद्धा. आणखी एक, ही गोळी टीबीच्या जंतूवरही चालते. जुन्या खोकल्याला कोणी ती दिली तर टीबीवाल्याला आठ दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाही आणि रोग ओळखायला उशीर होतो.

मग डॉक्टर हे लिहितात तरी का? कमिशन, एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी), अज्ञान, लोक सगळं बोलतात, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ओपीडीत बसून मला दिसलेलं मुख्य कारण वेगळं आहे: समोरचा माणूस परत येणार नाही, ही भीती. पाड्यावरून बाई पोराला घेऊन येते ती बाजाराच्या दिवशी. वेचणी किलोवर, एक दिवस बुडाला की मजुरी बुडाली. "दोन दिवसांनी दाखवायला आण" म्हटलं तर ती मान हलवते आणि थेट पुढच्या बाजाराला उगवते. मधल्या रात्री पोराला न्यूमोनिया झाला तर? ही शंका डॉक्टरच्या मनात आली की हात आपोआप अँटिबायोटिककडे जातो. त्यात पेशंटही म्हणतो, "डॉक्टरसाहेब, सुई मारी द्या ना, कामवर जानं शे." अर्धीअधिक अँटिबायोटिक परत न येणाऱ्या पेशंटची सोय म्हणून लिहिली जातात, असं माझं मत आहे.

म्हणून मी दोन गोष्टी करतो. एक, कधी परत यायचं ते चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहितो: श्वास, पाणी न पिणं, तीन दिवसांपुढे ताप. फोन नंबर खाली. दुसरी, काठावरची केस असेल तर, म्हणजे मोठ्या मुलाचा कान दुखतोय पण फार नाही, अशा वेळी अँटिबायोटिक वेगळ्या चिठ्ठीवर पुढची तारीख घालून देतो. त्या तारखेपर्यंत उतार नाही पडला तरच घ्यायचं. काही जण त्याच संध्याकाळी घेतात, ते माहीत आहे. बरेच जण नाही घेत, तेवढं वाचलं.

आणि चिठ्ठीवर कारण लिहा, अशी विनंती जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मेडिकल कॉलेजांच्या डॉक्टरांना पत्र पाठवून केली होती. छोट्या दवाखान्यातही ते करायला काय हरकत आहे? पेशंटनेही विचारावं, "हे अँटिबायोटिक आहे का, आणि कशासाठी?" उत्तर द्यायला डॉक्टर चिडला तर चिडू द्या.

सिरपबद्दल राहिलंच. गरजच नव्हती तर पूर्ण करण्यात अर्थ नाही. तपासलेल्या डॉक्टरांनी थांबवलंय, थांबवा. "कोर्स पूर्ण करा" हे जिथे खरा जंतुसंसर्ग आहे तिथलं. टीबीत तर एक दिवसही चुकवायचा नाही. उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी ठेवू नका. पाणी घालून कालवलेलं सिरप थोडेच दिवस टिकतं.

लिंबूवाला_पाचोरा

डॉक्टरसाहेब, विषयाला धरून आहे का माहीत नाही. आम्ही लिंबाच्या खैऱ्या रोगाला आणि कापसाच्या करप्याला स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पंपात टाकतो. पुडीवर वाचलं तर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. म्हणजे तेच ना? गायीला दगडी (कासेची सूज) झाली की सडात ट्यूब सोडतो, तेही तेच?

डॉ_सातपुडा

दोन्ही अँटिबायोटिकच, भाऊ. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या टीबीवरचं पहिलं औषध. फवारताना तोंडाला फडकं, हातमोजे, आणि पंप विहिरीजवळ धुऊ नका. गायीच्या ट्यूबवर दूध किती दिवस काढून टाकायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस डेअरीला घालायचं नाही आणि घरातही नाही. बाकी कृषी आणि पशुवैद्यकीयवाले सांगतील, तो माझा प्रांत नाही.

बिनधास्त_भाऊ

सगळं पटलं असं नाही. पण श्वास मोजायचं ते बायकोला वाचून दाखवलं. आमचं लहान दहा महिन्यांचं आहे.

डॉ_सातपुडा

त्याला ५० ची रेघ. आणि त्याला तीनवाली स्ट्रिप नको, भाऊ.

पारोळेकर_ताई

सगळ्यांचे आभार. मुलगा खेळतोय, खोकला आहे अजून. श्वास मोजले, २८ भरले. जाऊबाईंची डेंग्यूची तपासणी झालीच नव्हती, काल केली, निगेटिव्ह आली, प्लेटलेट ठीक. ताप उतरतोय. टायफॉईड होता की नव्हता ते आता कोण सांगणार.

नानांना रेटून धुळ्याला नेलं. लघवीचं कल्चर आलं. ई. कोलाय लिहिलंय, खाली औषधांची यादी. लेव्होफ्लॉक्सासिनपुढे आर, सेफिक्झिमपुढे आर, नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे एस. नाना म्हणताहेत, एस आहे ना, मग तेच आणतो मेडिकलवरून. आणू द्यायचं का? डॉक्टरांची वेळ परवाची आहे.

डॉ_सातपुडा

आर म्हणजे त्या जंतूवर औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. पण नुसता एस बघून आणू देऊ नका. नायट्रोफ्युरॅन्टॉइन लघवीत छान उतरतं, प्रोस्टेटमध्ये पोचत नाही. पुरुषांत दुखणं प्रोस्टेटचं असेल तर उपयोग नाही. आणि किडनी मंदावलेली असेल तर ते द्यायचंच नसतं, शुगरवाल्यांत ते आधी बघावं लागतं. परवा जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि पोटाची सोनोग्राफी सोबत न्या. सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते ते लिहायला सांगा, बरेचदा राहून जातं. तोवर पाणी भरपूर. थंडी वाजून ताप आला, कंबर दुखायला लागली किंवा लघवी अडली, तर परवाची वाट न बघता त्याच रात्री न्या.

मेडिकलवाला_चोपडा

आणि ताई, परवाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि तारीख नीट वाचता येते का ते तिथेच बघून घ्या. एच-वनमधलं काही निघालं तर रजिस्टरात मला तेच भरावं लागतं, आणि अर्ध्या चिठ्ठ्या अशा असतात की नाव लागता लागत नाही.